'स्वमग्न' : एका शब्दाचा आणि एका गैरसमजाचा इतिहास

सन २०१४ च्या पावसाळ्यात आमच्या वहिनी सिल्वासा येथील आमच्या जुन्या घरी निवर्तल्या. त्यांचा नातू त्या वेळी अकरा वर्षांचा होता. तो स्वमग्न आहे, म्हणजे डॉक्टर जिला 'ऑटिझम' म्हणतात ती अवस्था त्याला जन्मतःच आहे, हे घरात सर्वांना ठाऊक होते. समाचाराला माणसे येत होती, बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, आणि हा मुलगा दोन्ही कान घट्ट दाबून मागीलदारी पळत होता. रडणे थांबले की तो परत येई. पुन्हा कोणाला हुंदका फुटला की पुन्हा पळे. मधल्या वेळात ओसरीखाली पडलेल्या पाहुण्यांच्या चपलांच्या जोड्या लावीत बसे. एक वृद्ध आप्त आमच्या कानाशी लागून म्हणाले, “याला कसली माया? याला काही कळतच नाही.” आम्ही मान डोलावली. खरे सांगायचे तर आमचेही मत त्याहून वेगळे नव्हते.

तेरावे झाले, घर रिकामे झाले. त्यानंतर रोज दुपारी चार वाजता हा मुलगा आजीच्या औषधांचा डबा कपाटातून काढून झोपाळ्यावर ठेवू लागला. चार ही वहिनींच्या गोळीची वेळ. डबा कोणी उचलून नेला तर तो ओरडत नसे. मुकाट्याने परत आणून ठेवी. हा क्रम दिवाळीपर्यंत चालला. ज्याला काही कळत नाही म्हणून आम्ही मान डोलावली होती, त्याने आजीचे नसणे आम्हा सर्वांपेक्षा अधिक दिवस आणि अधिक नेमाने पाळले. पुढे निवृत्तीनंतर हाती मोकळा वेळ आला तेव्हा, आपण नेमके कोठे चुकलो याचा शोध घ्यावा असे वाटू लागले. तो शोध घेता घेता ध्यानात आले की ही चूक आमच्या एका घराची नव्हती. जगातील मोठमोठ्या विद्वानांनी ती केली होती, पाऊण शतकाहून अधिक काळ जपली होती आणि तिच्यापायी पुष्कळांना पुष्कळ सोसावे लागले होते. त्या चुकीची हकीकत मंडळाच्या वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू.

आरंभ शब्दापासून करू. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर याने १९११ च्या सुमारास 'ऑटिझम' हा शब्द रूढ केला. ग्रीक भाषेतील 'ऑटोस', म्हणजे 'स्वतः', हे त्याचे मूळ. ब्लॉयलरने तो योजला होता छिन्नमनस्कतेच्या रुग्णांसाठी. बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून स्वतःच्या कल्पनासृष्टीत राहणे, असा त्याचा अर्थ. मुलांच्या एका सर्वस्वी वेगळ्या अवस्थेला तोच शब्द पुढे चिकटला, आणि मराठीत आपण त्याचे भाषांतर केले 'स्वमग्नता'. शब्द गोड आहे, घडणही निर्दोष आहे. परंतु त्याने निदानाबरोबर एक निकालही देऊन टाकला. जो स्वतःत मग्न, तो दुसऱ्याकडे पाहणार कशाला आणि दुसऱ्यासाठी कळवळणार तरी कशाला? हा निकाल पुराव्यावर उभा नव्हता. तो शब्दाच्या पोटातच होता.

या मुलांची वर्णने अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे लिहिली गेली. मॉस्को येथील ग्रुन्या सुखारेवा या स्त्री-डॉक्टरने १९२५-२६ मध्ये सहा मुलांचे बारकाईने वर्णन केले. ते पाश्चात्त्य जगाच्या नजरेस दीर्घकाळ पडले नाही. पुढे १९४३ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिओ कॅनर याने अकरा मुलांवरील आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. कॅनर हा स्वतः आजच्या युक्रेनमधील एका खेड्यात जन्मलेला आणि १९२४ मध्ये अमेरिकेत येऊन स्थायिक झालेला गृहस्थ. त्याच्या निबंधाच्या शीर्षकातच 'भावनिक संपर्क' हे शब्द होते. त्याचा निष्कर्ष असा, की इतरांशी भावनिक संपर्क जोडण्याची जी शक्ती सामान्य मूल जन्मतः घेऊन येते, ती या मुलांत जन्मतःच नसते.

त्या अकरांपैकी पहिला मुलगा डॉनल्ड ट्रिप्लेट, मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावचा. त्याच्या वडिलांनी कॅनरला मुलाविषयी तेहेतीस पानांचे पत्र लिहिले होते. हा डॉनल्ड पुढे बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी हिंडला आणि २०२३ मध्ये वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी आपल्याच गावी वारला. ओळखीच्या माणसांना तो मनोमन एकेक क्रमांक देई आणि तो कधी विसरत नसे. गावाने त्याची ही रीत स्वीकारली होती. त्याची आस्था त्या क्रमांकात होती, हे कॅनरच्या निबंधापेक्षा त्या लहान गावाला अधिक चांगले उमगले असावे.

कॅनरच्या निबंधानंतर एक अनर्थ ओढवला. मूल भावनिक संपर्क जोडत नाही, तर त्याला तो कोणी दिलाच नसेल, असा तर्क निघाला. कॅनरने स्वतः १९४९ मध्ये या मुलांच्या आईवडिलांच्या थंडपणाविषयी लिहिले. ब्रूनो बेटलहाइम याने १९६७ च्या आपल्या पुस्तकात तर सारा दोष आईच्या माथी मारला. 'शीतपेटीसारखी आई' हा शब्दप्रयोग एका पिढीने ऐकला आणि कित्येक मातांनी तो मुकाट्याने सोसला. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. त्याने १९६४ मध्येच ग्रंथ लिहून, ही अवस्था मेंदूच्या जडणघडणीतून येते, आईच्या वागणुकीतून नव्हे, असे प्रतिपादन केले होते. १९६९ मध्ये पालकांच्या सभेत कॅनरने त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले. माता सुटल्या, परंतु मुलांवरचा ठपका तसाच राहिला.

याहून भीषण प्रकरण व्हिएन्नाचे आहे. हान्स आस्पेर्गर याने १९३८ च्या एका व्याख्यानात आणि १९४४ च्या प्रबंधात अशाच मुलांचे वर्णन केले. कित्येक वर्षे त्याचे नाव मुलांचा कैवारी म्हणून घेतले जाई. मात्र २०१८ मध्ये हेर्विग चेक या इतिहासकाराने जुनी दप्तरे तपासून दाखवून दिले की आस्पेर्गरने काही मुलांना 'आम श्पीगेलग्रुंड' या संस्थेत पाठविण्याची शिफारस केली होती. नाझी राजवटीत त्या संस्थेत सुमारे आठशे मुले मारली गेली. त्याच वर्षी एडिथ शेफर यांनी आपल्या ग्रंथात त्या काळच्या जर्मन मनोविकारशास्त्रातील 'गेम्यूट' या शब्दाकडे लक्ष वेधले. इतरांशी एकजीव होण्याची आंतरिक भावना, असा त्याचा साधारण अर्थ. ज्याच्यात गेम्यूट नाही तो समाजाचा नव्हे, अशी त्या राजवटीची धारणा होती. एखाद्याला 'भावना नाही' असे कागदावर लिहिणे किती भयंकर ठरू शकते, याचे आणखी उदाहरण देण्याची गरज नाही. आयुष्यभर कागदांवर शेरे मारण्याचे काम केलेल्या माणसाने ही हकीकत वाचली की त्याची झोप उडते, इतकेच सांगतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दुसऱ्याचे सुखदुःख आपल्याला कळणे म्हणजे नेमके काय? इंग्रजीतील 'एम्पथी' हा शब्द फार जुना नाही. १८७३ मध्ये रोबर्ट फिशर या जर्मन लेखकाने चित्र-शिल्पाच्या आस्वादाविषयी लिहिताना 'आइनफ्यूलुंग', म्हणजे वस्तूच्या आत शिरून अनुभवणे, हा शब्द योजला. १९०९ मध्ये टिचनर याने त्याचे इंग्रजी रूप 'एम्पथी' असे केले. मूळ शब्द सौंदर्यशास्त्राचा, हे साहित्यप्रेमी वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे. कारण त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, १९२१ मध्ये, बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून साहित्यसम्राट न. चिं. केळकरांनी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या अनुभवाशी तादात्म्य पावतो, तरी 'मी तो नव्हे' ही जाणीव शाबूत राहते, म्हणूनच वाङ्मयाचा आनंद मिळतो, असे तिचे सार. आपल्या प्राचीन साहित्यशास्त्रातील 'सहृदय' हाही याच कुळातला. मराठीत आज 'एम्पथी'ला समानुभूती म्हणतात.

ही समानुभूती एकसंध नाही. तिचे दोन भाग आहेत, आणि गैरसमजाचे मूळ ते दोन भाग एकच समजण्यात आहे. पहिला भाग ओळखण्याचा. समोरच्याच्या मनात काय चालले आहे, तो काय समजून आहे, त्याच्या बोलण्यामागे काय दडले आहे, हे चेहऱ्यावरून, स्वरावरून, अर्धवट वाक्यावरून ताडणे. याला बोधात्मक समानुभूती म्हणतात. दुसरा भाग कळवळ्याचा. समोरचा दुःखी आहे हे उमगल्यावर आपल्या काळजात काही हलणे. ही भावनिक समानुभूती. चतुर ठकसेनाजवळ पहिली भरपूर असते, दुसरी नसते. म्हणून तर तो ठकवू शकतो. याच्या उलट स्थितीही संभवते, हे मात्र शास्त्राला फार उशिरा सुचले.

उशिरा का सुचले, तर सारे लक्ष पहिल्या भागावर खिळले होते. १९८५ मध्ये लंडन येथे सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी एक साधा प्रयोग केला. सॅली आणि ॲन या दोन बाहुल्या. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. तिच्या पाठीमागे ॲन ती पेटीत लपविते. सॅली परत आल्यावर गोटी कोठे शोधील? सॅलीला बदल ठाऊक नाही, म्हणून ती टोपलीतच शोधील, हे बरोबर उत्तर. डाउन सिंड्रोम असलेल्या चौदा मुलांपैकी बारांनी ते दिले. स्वमग्न वीस मुलांपैकी सोळा जण चुकले. यावरून सिद्धान्त निघाला की स्वमग्न व्यक्तीला दुसऱ्याला मन असते याचीच जाण कमी असते. पुढे बॅरन-कोहेन यांनी 'मनांधता' अशा अर्थाचा शब्द रूढ केला आणि तो सर्वतोमुखी झाला.

परंतु उरलेल्या चार मुलांचे काय? ती तर बरोबर होती. शिवाय पुढील काळात असे दिसून आले की या परीक्षेतील यशापयश मुलाच्या भाषिक तयारीवर पुष्कळ अवलंबून असते. प्रश्नाची वाक्यरचनाच गुंतागुंतीची आहे. २०१९ मध्ये मॉर्टन गर्न्सबाकर आणि मेलनी यर्जो या दोन विदुषींनी तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेऊन, स्वमग्न व्यक्तींना दुसऱ्याच्या मनाची जाण नसते हा सार्वत्रिक दावा पुराव्यावर टिकत नाही, असे मांडले. पण थोडा वेळ धरून चालू की दुसऱ्याचे मन पटकन ताडणे अनेक स्वमग्न व्यक्तींना खरोखर कठीण जाते. तसे ते जातेही; त्या स्वतःच तसे सांगतात. तरी त्यातून कळवळा नाही हे कसे सिद्ध होते? गोटी कोठे आहे, या प्रश्नात कळवळ्याचा संबंधच नव्हता.

हा दुसरा भाग स्वतंत्रपणे तपासला गेला तो एकविसाव्या शतकात. २००८ मध्ये जर्मनीत इझाबेल झियोबेक आणि सहकाऱ्यांनी प्रौढ स्वमग्न व्यक्तींना माणसांची भावपूर्ण छायाचित्रे दाखवून दोन वेगळे प्रश्न विचारले : या माणसाला काय वाटते आहे, आणि ते पाहून तुम्हाला काय वाटते? पहिल्या प्रश्नात ते इतरांहून मागे पडले. दुसऱ्यात पडले नाहीत. २०१० मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या एका अभ्यासात, निर्दय वृत्तीची मुले आणि स्वमग्न मुले यांची तुलना झाली. निर्दय वृत्तीच्या मुलांना समोरच्याच्या मनातले कळत होते, पण त्याची पर्वा नव्हती. स्वमग्न मुलांना ताडणे जड जात होते, पर्वा मात्र होती. एकाच 'समानुभूतीचा अभाव' या शेऱ्याखाली इतकी वर्षे ज्यांना बसविले, ते दोघे परस्परांच्या नेमके उलट निघाले. ज्यांनी 'मनांधता' हा शब्द दिला त्या बॅरन-कोहेन यांनीही २०११ च्या आपल्या पुस्तकात हा भेद मान्य केला आहे.

त्याच वर्षी, २०१० मध्ये, जॉफ्री बर्ड आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गाठ सोडविली. आपल्या जिवलगाला वेदना होत आहे हे कळल्यावर माणसाच्या मेंदूत काय घडते, हे त्यांनी यंत्राच्या साहाय्याने पाहिले. प्रतिसाद काहींत मंद होता. परंतु तो स्वमग्नतेशी नव्हे, तर 'ॲलेक्सिथायमिया' नावाच्या वेगळ्याच गोष्टीशी निगडित निघाला. आपल्याच भावनेला नाव देता न येणे, छातीत काही दाटले आहे पण ते दुःख की भीती की राग हे न उमगणे, म्हणजे ॲलेक्सिथायमिया. स्वमग्न व्यक्तींत ती बऱ्याच जणांना असते, सर्वांना नसते. आणि स्वमग्न नसलेल्यांतही काहींना असते. आपल्या आधीच्या पिढीतील किती कर्त्या पुरुषांना ती असेल, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या घरी करावा.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आधी 'भावनाशून्य' म्हटले, आता सरसकट 'अतिहळवे' म्हणू लागलो, तर ती जुनीच चूक नव्या वेषात होईल. स्वमग्न माणसे एकमेकांसारखी नसतात. कोणाचा कळवळा अधिक, कोणाचा कमी, जसा आपल्यात असतो तसा. काही जण बोलतात, काही अजिबात बोलत नाहीत. मात्र अनेक स्वमग्न व्यक्तींनी स्वतः लिहून सांगितले आहे की दुसऱ्याचे दुःख त्यांच्यावर लाटेसारखे कोसळते, आणि ते नेमके कशाचे आहे, त्यावर काय करावे, हे न कळल्यामुळे त्या गोठतात किंवा तेथून निघून जातात. केळकरांच्या भाषेत बोलायचे तर समाधी लागते, पण 'सविकल्प' राहत नाही. 'मी तो नव्हे' हा आधार सुटतो. आमच्या वहिनींच्या दिवसांत आमचा नातू कान दाबून पळत होता, त्याचा अर्थ आम्हाला हे वाचताना लागला. रडणे त्याला ऐकू येत नव्हते असे नाही. ते त्याला सोसवत नव्हते.

आता आमच्या स्वतःच्या दोषाकडे येतो. १९९७-९८ च्या सुमारास आम्ही महाराष्ट्र शासनाच्या सेवेत, एका जिल्ह्याच्या ठिकाणी, अपंगांच्या सवलतींशी संबंधित काम पाहत होतो. १९९५ चा कायदा नवा होता. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते : अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, अस्थिव्यंग, मतिमंदता आणि मानसिक आजार. एक गृहस्थ नऊ-दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. हाती मुंबईच्या डॉक्टरांचे पत्र. त्यात 'ऑटिझम' असे लिहिलेले. आम्ही यादी दाखवून म्हटले, “हा शब्द यात नाही. मतिमंद असे लिहून आणा, मग पाहू.” ते म्हणाले, “साहेब, तो मंद नाही हो.” असे म्हणताना त्यांचा आवाज भरून आला. मुलगा तोवर छताच्या पंख्याकडे पाहत स्वस्थ होता. वडिलांचा आवाज कापला आणि त्याने एकाएकी स्वतःच्या कपाळावर तळहाताने मारून घ्यायला सुरुवात केली. आम्ही शिपायाला बोलावून दोघांना बाहेर बसविण्यास सांगितले, आणि अर्जाच्या कडेला शेरा लिहिला : 'मुलाचे वर्तन असंबद्ध.'

त्या वर्तनाइतके सुसंबद्ध त्या खोलीत दुसरे काही नव्हते. बाप दुखावला आणि मुलाला ते लागले; आम्हाला मात्र लागले नाही. ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. मुलाचे पुढे काय झाले हे आम्हाला कळण्याचा मार्ग नाही. कायद्यात शब्द नव्हता ही गोष्ट खरी, परंतु तो शेरा कायद्याने लिहावयास लावला नव्हता.

कायदा पुढे बदलला. दिल्लीत मेरी बरुआ यांनी १९९१ मध्ये 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था स्थापन केली होती. अशा पालकांच्या रेट्यातून १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात 'ऑटिझम' हा शब्द प्रथम आला. मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये 'उम्मीद' हे बालविकास केंद्र सुरू केले. पुण्यात 'प्रसन्न ऑटिझम सेंटर' उभे राहिले. शेवटी २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात एकवीस प्रकारांची यादी आली आणि तीत स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान मिळाले. ही उपकाराची बाब नव्हती, हक्काची होती. ती मिळण्यास उशीर झाला.

प्रमाणपत्रासाठी भारतात जी मापनपद्धती वापरतात, ती २००९ मध्ये सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केली. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण, सत्तर गुणांपासून पुढे सौम्य, मध्यम, तीव्र अशी विभागणी. तिचा एक विभाग 'भावनिक प्रतिसादा'चा आहे : भावना प्रसंगाला अनुरूप दाखवितो का, अतिरेकी दाखवितो का, उघड कारणाविना अस्वस्थ होतो का. प्रश्न उपयुक्त आहेत आणि त्यांच्या आधारे हजारो कुटुंबांना सवलती मिळाल्या. त्यात दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. फक्त एवढेच, की रकान्यात जे भरले जाते ते बाहेरून दिसलेले असते. 'उघड कारणाविना' यातील कारण कोणाला उघड असावयास हवे, हे रकाना सांगत नाही. आमच्या टेबलापुढे उभ्या असलेल्या त्या मुलाला कारण उघड होते.

हाच धागा २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने पकडला. मिल्टन स्वतः स्वमग्न आहेत. त्यांचे म्हणणे असे, की स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही असे म्हणताना आपण अर्धेच सत्य सांगतो. इतरांनाही स्वमग्न माणसाचे मन कळत नाही. दरी आहे, पण ती दोन काठांमधली आहे, आणि आजवर तिचा सारा बोजा एकाच काठावर टाकला गेला. याला त्यांनी 'दुहेरी समानुभूतीचा प्रश्न' म्हटले.

त्याची परीक्षाही झाली. २०१७ मध्ये अमेरिकेत नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी स्वमग्न व इतर व्यक्तींच्या बोलण्याच्या अगदी छोट्या चित्रफिती लोकांना दाखविल्या. काही क्षणांतच प्रेक्षकांचे स्वमग्न व्यक्तींविषयी प्रतिकूल मत बनले. परंतु त्याच व्यक्तींचे बोलणे केवळ लिहून वाचावयास दिले, तेव्हा तो प्रतिकूल ग्रह नाहीसा झाला. म्हणजे अडचण बोलण्यातल्या आशयाची नव्हती. स्वर, नजर, हातवारे यांची होती, आणि ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांत होती. २०२० मध्ये एडिंबरा येथे कॅथरीन क्रॉम्प्टन यांनी कानगोष्टीच्या खेळासारखा प्रयोग केला. आठ-आठ जणांच्या नऊ साखळ्या; एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची. निव्वळ स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच शाबूत पोहोचली. मिश्र साखळीत अधिक गळाली. २०२५ मध्ये याहून बऱ्याच अधिक लोकांवर हा प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा मिश्र साखळीतील ती गळती आढळली नाही. शास्त्र असेच पुढे जाते. एक पाऊल टाकते, तपासून पाहते. पण स्वमग्न माणसे एकमेकांना आशय पोहोचविण्यात उणी नाहीत, ही गोष्ट दोन्ही वेळा दिसली.

दोन काठांची ही गोष्ट आपल्यासारख्या कुटुंबांना नवी वाटू नये. आमचे आजोबा या मुलुखात आले तेव्हा येथे पोर्तुगीजांचा अंमल होता. तो १७८० च्या दशकापासून २ ऑगस्ट १९५४ पर्यंत चालला. घरी मराठी, बाजारात गुजराती, कचेरीत पोर्तुगीज. आजोबा सांगत की कचेरीत त्यांना 'उद्धट' समजत, कारण विनंतीचे शब्द त्यांना त्या भाषेत येत नसत. हे सांगताना त्यांना राग येई, आणि तो रास्त होता. परंतु त्याच आजोबांच्या ओसरीवर वारली माणसांविषयी काय बोलले जाई? 'अबोल आहेत, दगड आहेत, मूल मेले तरी डोळ्यांत पाणी नाही.' आम्ही हे लहानपणी ऐकले आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. त्यांची भाषा आम्ही शिकलो नाही. मौनाला मात्र अर्थ लावून मोकळे झालो.

सिल्वासापासून फार दूर नसलेल्या डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांची गोष्ट या संदर्भात आठवते. लहानपणी आई गेल्यावर हा मुलगा काही वर्षे बोललाच नाही, धुळीत चित्रे काढून मनातले सांगे, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. हेच पुढे वारली चित्रकलेचे थोर कलावंत झाले, २०११ मध्ये पद्मश्री झाले आणि २०१८ मध्ये निवर्तले. त्यांना स्वमग्न म्हणण्याचा आमचा मुळीच मानस नाही. ते मौन शोकाचे होते. सांगावयाचे एवढेच, की त्या धुळीतल्या रेघा कोणी वाचल्या नसत्या तर त्या मुलालाही कोणी तरी 'काही कळत नाही' असेच म्हटले असते.

मग 'स्वमग्न' हा शब्द टाकून द्यावा काय? आम्हाला तसे वाटत नाही. शब्द रुळला आहे. शाळांत, दवाखान्यांत, पालकांच्या तोंडी बसला आहे. शब्द बदलल्याने नजर बदलतेच असे नाही. 'मतिमंद' जाऊन दुसरे शब्द आले, तरी टेबलापलीकडचा माणूस बदलला असेलच असे नाही. शब्द राहू द्यावा; त्याने दिलेला निकाल मात्र रद्द समजावा.

आमच्या घरात एक व्यावहारिक बदल झाला, तो सांगून थांबतो. आमचा तो नातू आता बाविशी ओलांडलेला तरुण आहे. चेहरा पाहून ओळखणे त्याला आजही जमत नाही. आम्ही गप्प बसलो तर तो रागावलो असे समजतो, किंवा काहीच समजत नाही. पूर्वी त्याने ओळखावे अशी आमची अपेक्षा असे आणि न ओळखल्यास आम्ही दुखावत असू. आता आम्ही सरळ शब्दांत सांगतो : “मला आज वाईट वाटते आहे, तुझ्यावर राग नाही.” प्रथम फार अवघडल्यासारखे झाले. आपल्या पिढीला, त्यातून सरकारी नोकरीत केस पिकवलेल्या माणसाला, असे बोलण्याची सवय नसते. गेल्या वर्षी आमचे एक जुने स्नेही गेले, तेव्हा बातमीचा फोन ठेवून आम्ही त्याला तसेच सांगितले. तो थोडा वेळ उभा राहिला. मग विचारले, “तुम्ही रडणार आहात का? रडणार असाल तर मी मागच्या अंगणात थांबतो. झाले की हाक मारा.” काही वेळाने आम्ही हाक मारली. तो आला, तो पाण्याचा तांब्या भरून घेऊनच आला.